मांडवीची वकिलात

रत्नागिरीत आपली एक वकिलात आहे, हे अमेरिकेला शेवटपर्यंत कळलं नाही. मांडवीला समुद्राकडे उतरणाऱ्या एका बोळात, चिऱ्याच्या कौलारू घरात ती होती, आणि कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ ती चालवत. परदेशी शिकायला निघालेल्या मुलांचे कागद लावून द्यायचे आणि मुंबईतल्या खऱ्या मुलाखतीआधी त्यांची एक सरावाची मुलाखत घ्यायची, एवढंच तिथलं काम. पण गावात त्याला कोणी क्लास म्हणत नसे. 'वकिलातीत जाऊन आलास काय?' असंच विचारत. शिरस्तेदारांना ते आवडे. मुंबईच्या खऱ्या वकिलातीचा उल्लेख ते 'आपलं मुंबईचं ऑफिस' असा करत.

मे महिन्यात रत्नागिरीत कोट घालणारा माणूस नवरदेव तरी असतो नाहीतर त्याच्या डोक्यावर परिणाम तरी झालेला असतो. शिरस्तेदार मुलाखतीच्या दिवशी कोट घालत. काळा, कोर्टातला, काखेत विटलेला. गळ्यात टाय. कमरेखाली मात्र घरचा पट्ट्यांचा पायजमा, कारण खिडकीतून कमरेखालचं दिसत नाही. "अहो ग्रंथपाल," ते मला म्हणाले होते, "हुकमत दिसते तेवढीच असते. न दिसणाऱ्या भागावर कापड कशाला खर्च करा?"

मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. मोठेपणाचा आव आणणारी माणसं बघायला मला पहिल्यापासून आवडतं, आणि ग्रंथालयात प्राचार्यांपलीकडे तशी सोय नव्हती. म्हणून निवृत्तीनंतर मी संध्याकाळचा तिकडे जाऊन बसू लागलो.

कागदांशी त्यांचं वागणं पाहण्यासारखं होतं. विद्यापीठाकडून आलेली प्रवेशाची आय-ट्वेंटी, बँकेचा दाखला, हापूसच्या बागेचं मूल्यांकन, स्पॉन्सरचं प्रतिज्ञापत्र, असा एकेक कागद ते आधी कानाशी धरत आणि हलकेच फडफडवत. मग कधी कधी म्हणत, "हा नीट वाजत नाही." ज्याने तो आणला त्याचा चेहरा उतरे. बहुतेक वेळा त्या कागदात काहीतरी लपवलेलं निघे. यात चमत्कार काही नव्हता. कागद फडफडवताना ते कागदाकडे नाही, तर आणणाऱ्याकडे बघत असत. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा ते खूष झाले. "बरोबर! पण बाहेर बोलू नका."

स्पॉन्सरला तर ते घरी बोलावत. मुलाचा खर्च मी करीन असं लिहून देणारा काका-मामा आला की त्याला उभं करून प्रतिज्ञापत्र मोठ्याने वाचायला लावत. वाचून झालं की विचारत, "मुलगा परत नाही आला तर तुमचं काय जाईल?" काका गडबडे. पैसे, असं म्हणायचं असे, पण आसपास बायका असत. शिरस्तेदार मान हलवत. "याचं काही जात नाही. दुसरा स्पॉन्सर आणा."

कारण त्यांच्या मते सगळ्या प्रकरणात प्रश्न एकच होता. तू हुशार आहेस का, पैसे आहेत का, हे सगळं वरवरचं. शिकून झाल्यावर तू घरी परत येणार का, हा खरा प्रश्न. विद्यार्थ्याचा व्हिसा मागणाऱ्याने हे पटवून द्यावं लागतं, हे खरंच आहे, नियमच आहे तो. पण नियम सगळ्यांना माहीत असतो. शिरस्तेदारांना तो लागला होता.

मुलाखतीचा सोहळा असा. मुलगा एकटा आला असला तरी त्याला अंगणात उन्हात रांगेत उभं राहावं लागे. मग वहिनी, म्हणजे शिरस्तेदारांच्या पत्नी, परात घेऊन येत आणि हात पुढे करत. "मोबाईल, चावी, पाण्याची बाटली ठेव यात. पट्टा राहू दे, लेंगा घसरला तर मला नको." मग पडवीत जायचं. पडवी आणि आतली कोठीची खोली यांच्यामधल्या भिंतीत शिरस्तेदारांनी एक काच बसवून घेतली होती. बंद पडलेल्या एका टॉकीजच्या तिकीटखिडकीची ती काच. खाली अर्धगोल भोक, आणि वर खरवडून काढलेल्या 'हाऊसफुल्ल'च्या पुसट खुणा. कोठीत पूर्वी आंब्याची अढी घालत. पेंढ्याचा आणि पिकल्या आंब्याचा वास त्या खोलीतून कधी गेलाच नाही. पडवीत लख्ख उजेड, आत अंधार. बाहेर उभ्या असलेल्याला काचेत स्वतःचा चेहरा दिसे, आणि त्या चेहऱ्याच्या मागे, खोल, एक टाय.

आतून प्रश्न येत. आवाज शिरस्तेदारांचाच, पण त्यातलं मांडवी काढून टाकलेलं. हे विद्यापीठच का? खर्च कोण करणार? घरी कोण आहे? शेवटी तोच प्रश्न. मग खऱ्या वकिलातीत होतं तसंच व्हायचं. पासपोर्ट ठेवून घेतला तर होकार. 'उद्या येऊन घेऊन जा' असं आतून सांगत. भोकातून पासपोर्ट परत बाहेर सरकला तर नकार. नकाराला शब्द नसत.

इथवर सगळं गमतीचं. पुढचं मला कधीच गमतीचं वाटलं नाही. मुलाखत संपली की कोठीचं मागचं दार वाजे. शिरस्तेदार परसातून घराला वळसा घालून, कोट काढून, बनियनवर अंगणात येत आणि मुलाला विचारत, "काय विचारलंन?"

पहिल्यांदा मी हसलो. मुलगाही हसला. शिरस्तेदार हसले नाहीत.

"पासपोर्ट ठेवलान की परत दिलान?"

"काका, तुम्हीच तर..."

"मी कुठला? मी दार लावतो फक्त. आत साहेब असतात."

असं ते दर वेळी म्हणत आणि उत्तर मिळेपर्यंत खरोखर वाट बघत. नकार ऐकला की त्यांचा चेहरा पडे. मुलाला खांद्यावर थोपटून म्हणत, "काय करणार बाबा, मी सांगून बघितलं असतं, पण ते ऐकत नाहीत."

मी त्याला नाटक म्हणालो. चांगलं वठलेलं, थोडं जास्त ताणलेलं नाटक. एकदा वहिनींनाही म्हणालो. त्या परसात नारळ सोलत होत्या. कोयता खाली ठेवून त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं.

"भावजी, तुम्ही शिकलेले, म्हणून विचारते. आत बसले ना, की हे झोपतात."

"म्हणजे?"

"म्हणजे घोरतात. मागच्या खिडकीतून मला स्पष्ट ऐकू येतं. पुढे पडवीत तो मुलगा बोलत असतो, मध्ये प्रश्न येत असतात, आणि मागे हे घोरत असतात. मग विचारतं कोण?"

मी म्हणालो, वारा असेल. मांडवीला वारा कशाचाही आवाज काढतो. वहिनी म्हणाल्या, "हां, असेल," आणि पुन्हा कोयता उचलला. माझं समाधान व्हावं म्हणून त्या असेल म्हणाल्या, हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

आता माझ्या भाचीकडे येतो.

माझी धाकटी बहीण शाळेत शिक्षिका होती. नवरा लवकर गेला, एकच मुलगी. मुलीला लहानपणापासून सड्याचं वेड. बाहेरच्या माणसाला सडा म्हणजे कातळाचा उजाड माळ. पण पावसानंतर त्या जांभ्या दगडाच्या खळग्याखळग्यांत अशी बारीक फुलं येतात, की चप्पल काढूनच चालावं. माझी भाची त्या फुलांमागे एम.एस्सी. झाली, आणि अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने अशाच कातळावरच्या वनस्पतींच्या संशोधनासाठी तिला बोलावलं. शिष्यवृत्ती होती. वरच्या खर्चाला मी स्पॉन्सर. मुंबईची तारीख मिळाली. ती मिळणं हल्ली व्हिसा मिळण्याइतकंच अवघड आहे.

बहीण म्हणाली, आधी मांडवीला नेऊ.

मी तिथेच अंगणात बाकावर होतो. भाची पडवीत उभी राहिली. उत्तरं उत्तम दिली तिने. मला बाहेर ऐकू येत होती. शेवटच्या प्रश्नाला म्हणाली, "येणार ना. माझा सडा इथे आहे." आणि पासपोर्ट भोकातून बाहेर सरकला.

शिरस्तेदार परसातून वळसा घालून आले. "काय म्हणाले?" बहिणीने सांगितलं. त्यांनी खाली बघितलं आणि पायजम्याची नाडी उगीचच घट्ट केली.

दुसऱ्या दिवशी भाची माझ्याकडे आली ती डोळे लाल करूनच. "मामा, आईने मुंबईचा स्लॉट सोडून दिलान."

"सोडला म्हणजे?"

"रद्द केलान. माझ्या लॅपटॉपवर, मी अंघोळीला गेल्यावर. त्या कोटवाल्या म्हाताऱ्याने नाही म्हटलं म्हणून! तू बोल ना तिच्याशी."

मी तरातरा गेलो. बहीण ओटीवर गजरे करत बसली होती.

"अगो, तो सराव होता! सरावात नापास झालं म्हणून कोणी परीक्षेलाच बसत नाही?"

"दादा, देवळात कौल लावतो तोही मग सरावच काय?"

आमच्या गावी अजून ही पद्धत आहे. लग्न, विहीर, नवं घर, काही ठरवायचं झालं की देवळात जाऊन गुरव देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लोक त्याप्रमाणे वागतात. माझ्या बहिणीने, बी.एड. झालेल्या बाईने, एका टॉकीजच्या काचेला तो मान दिला होता. नंतर मला कळलं की ती एकटी नव्हती. खिडकीने नाही म्हटल्यावर मुंबईची तारीख सोडून देणाऱ्या आया तालुक्यात बऱ्याच होत्या.

मी ठरवलं की खिडकीचं पितळ उघडं पाडायचं. खिडकीचा नकार झुगारून जे मुंबईला गेले, त्यांच्या घरी जायचं आणि त्यांचं काय झालं ते विचारायचं. हातखंब्याला हायवेवर खाणावळ असलेल्या एका बाईंचा मुलगा होता. "व्हिसा ना? दोन मिनिटांत मिळाला!" बाई म्हणाल्या. खेडला एका डॉक्टरांची मुलगी. "काहीसुद्धा विचारलं नाही तिला." गावातच आणखी एक-दोन. सगळ्यांना व्हिसा मिळालेला. मला इतका आनंद झाला, की हातखंब्याच्या बाईंनी दिलेलं कोकम सरबत मी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

"आणि आता असतो कुठे मुलगा?" मी सहज विचारलं.

"तिकडेच."

"येऊनजाऊन?"

बाईंनी फडक्याने टेबल पुसलं. ते आधीच पुसलेलं होतं. "फोन असतो त्याचा," त्या म्हणाल्या.

परतताना स्कूटरवर मला ते लक्षात आलं, आणि मी स्कूटर रस्त्याकडेला घेतली. खेडच्या डॉक्टरांकडेही मुलीच्या लग्नाचा फोटो होता; त्यात इकडचं कोणी नव्हतं. गावातल्यांपैकी एकाची आई वारली तेव्हा त्याने मोबाईलवरून अंत्यदर्शन घेतलं होतं. ज्यांना खिडकीने नाही म्हटलं, त्यांतला एकही परत आलेला नव्हता. भेटीलासुद्धा नाही.

यावर माझ्यासारख्याकडे उत्तर तयार असतं. परत येतं कोण? जग एका दिशेनेच जातं. म्हणून मी ज्यांना होकार मिळाला होता त्यांचीही चौकशी केली, आणि ती करायला नको होती. एक परत येऊन कॉलेजात शिकवत होता. एक सहा महिन्यांत कंटाळून आला आणि वडिलांची बाग बघत होता. तिसरा मुलगा आमच्याच आळीजवळचा. त्याचा पासपोर्ट खिडकीने ठेवून घेतला तेव्हा त्याच्या आईने आम्हा सगळ्यांना पेढे दिले होते. तो तिकडे झोपेतच गेला. डॉक्टरांना कारण सापडलं नाही. पण तो परत आला. विमानाने मुंबईला, तिथून गाडीने, पेटीतून.

खिडकीने त्याच्या बाबतीतही खोटं सांगितलं नव्हतं.

हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगायचं काय? आणि बहिणीला तर मुळीच नाही. नकार व्हिसाबद्दलचा आहे असं समजून तिने मुलीला अडवलं होतं. तो परत येण्याबद्दलचा आहे असं कळलं असतं, तर तिने उंबऱ्यात आडवं झोपून अडवलं असतं. मुलीच्या हातातून तिचं आयुष्य निसटत होतं. विद्यापीठाने थोडेच आठवडे वाट पाहू म्हणून कळवलं होतं. मला एवढंच करायचं होतं, की खिडकीने एकदा हो म्हणावं.

मी शिरस्तेदारांना म्हणालो, "एक दिवस मी बसतो आत."

मला वाटलं, ते उखडतील. पदाचा, कोटाचा अपमान. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. ते हात थंडगार होते, भर दुपारी.

"खरंच बसाल? कोणी बसतच नाही ओ. किती जणांना विचारलंय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कोट घाला माझा. आणि दार मी लावीन. उघडायचंही मीच."

बहिणीला मी सांगितलं, मी आत बसतो, पुन्हा विचारून बघू. ती लगेच तयार झाली. मला वाटलं, बिचारीला हो म्हणायला निमित्त हवं आहे. "गुरव बदलला तर चालतं," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा कौल लावतात की."

कोट मला लांडा झाला. मागून दार लागलं. आत आंब्याचा इतका दाट वास होता, की हंगाम नाही हे आठवून घ्यावं लागलं. खुर्चीत बसलो. काचेपलीकडे भाची आली.

मी तिला पाळण्यात पाहिलेली आहे. पण त्या काचेतून ती मला ओळखू आली नाही. म्हणजे ती कोण आहे हे माहीत होतं, पण तेवढंच. पडवीतल्या उजेडात एक मुलगी उभी होती आणि तिचं सगळं दिसत होतं: कुठला शब्द पाठ केलेला, कुठला मनातला. बाहेरून आत काही दिसत नाही आणि आतून बाहेरचं सगळं दिसतं, ही उजेडाची साधी करामत आहे, असं मी स्वतःला सांगितलं. मग मी प्रश्न विचारले. ती बोलली. शेवटचा प्रश्न विचारला.

"येणार ना," ती म्हणाली. "माझा सडा इथे आहे."

ती येणार नव्हती. हे मला असं दिसलं, जसं भरती-ओहोटी दिसते. तिला स्वतःलाही ते माहीत होतं. पासपोर्ट माझ्या बोटांखाली होता, आणि मी हो म्हणायला बसलो होतो, तरी काही वेळ मी काहीच केलं नाही. मग "उद्या येऊन घेऊन जा" असे शब्द आले. ते मी म्हणालो. निदान आवाज माझ्या बाजूने आला.

बाहेर बहिणीचा हुंदका ऐकू आला आणि मागचं दार उघडलं. शिरस्तेदार उन्हात उभे होते. माझ्याकडे टक लावून बघत त्यांनी विचारलं, "काय म्हणाले साहेब?"

"हो म्हणाले," मी म्हणालो. काय बोलणार?

"तुम्ही जागे होतात?"

"म्हणजे काय! पाच मिनिटं तर बसलो."

विहिरीजवळ वहिनी धुणं वाळत घालत होत्या. मी आत गेलो तेव्हा त्या धुण्याला बसल्या होत्या. आता दोरी भरली होती आणि एका टोकाचे कपडे वाळलेही होते. "भावजी," त्या म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा घोरता हो. अगदी यांच्यासारखे."

त्या दिवसानंतर शिरस्तेदार कोठीत गेले नाहीत. "आता खुर्ची तुमची," म्हणाले. मी नाही म्हटलं. त्यावर त्यांनी आग्रह केला नाही. कोट वहिनींच्या भावाला देऊन टाकला आणि बनियनवर मांडवीच्या धक्क्यावर फिरू लागले. इतका मोकळा माणूस मी क्वचित पाहिला. पासपोर्ट त्यांनी कधीच काढला नव्हता. तोही काढायला टाकला, जायचं कुठेच नव्हतं तरी. तो घरी आला त्याच महिन्यात ते साध्या तापाने गेले. मुलांना ते सांगत, "खरं बोला, पण थोडक्यात. लांबलं की खऱ्यालाही घाम फुटतो." त्यांच्या स्वतःच्या आजारपणातही त्यांनी हाच नियम पाळला.

भाचीला रात्रंदिवस स्क्रीन बघून नवा स्लॉट मिळाला आणि मुंबईला व्हिसाही. निघायच्या आदल्या दिवशी ती मला सड्यावर घेऊन गेली. पाऊस नुकताच उघडला होता. पलीकडच्या कडेला चिरा काढायची मशीन घरघरत होती; लाल खड्डा आमच्याकडे सरकत आलेला दिसत होता. ती उकिडवी बसली आणि एका खळग्यातली जांभळी फुलं मला दाखवू लागली. मग फुलांकडे बघतच म्हणाली,

"मामा, तुला दिसलं होतं ना?"

"काय?"

"मी खोटं बोलत होते ते. पहिल्या वेळी त्या काकांनाही दिसलं. काचेत मला माझंच तोंड दिसत होतं, मलासुद्धा कळत होतं." ती उठली. "मी परत येऊन काय करू? हे राहणार आहे का तोवर?"

"आईला सांगितलंस?"

"वेडा आहेस का? सोडली असती तिने?" चप्पल हातात घेत म्हणाली, "मग तू हो का म्हणालास?"

"तू जावंस म्हणून."

तिने माझा दंड धरला आणि गाडीपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला स्टेशनवर सोडलं. गाडी हलली, ती दारातून हात हलवत राहिली, मग डबा वळणाआड गेला. मला वाटलं, आता बहीण कोसळेल, म्हणून मी तिच्या जवळ सरकलो. ती शांत होती. पदराने कपाळ टिपून म्हणाली, "चल, चहा घेऊ."

"बरी आहेस ना?"

"मला काय झालंय? खिडकीने हो म्हटलंय."

"अगो, व्हिसा तर मिळाला. त्याचं आता काय?"

ती माझ्याकडे अशी बघू लागली, जशी शाळेत मागच्या बाकावरच्या मुलाकडे बघत असेल. "दादा, व्हिसाचं विचारायला मांडवीला कोण जातं? व्हिसा मुंबईवाले देतात. मी परत येण्याचं विचारत होते. सगळ्या बायका तेच विचारतात. तुला काय वाटलं, आम्ही तारखा सोडून देतो त्या कशासाठी? पोर परत येणार नाही असं कळल्यावर कोण धाडील?" चहावाल्याकडे चालता चालता ती म्हणाली, "तू आत होतास म्हणून मला जास्तच धीर आला. घरचा माणूस खोटा कौल लावणार नाही."

मी चहा प्यायलो. तिचा कपही मीच धरला होता, तो तिला दिला.

त्याला आता काही वर्षं झाली. भाचीचं काम चांगलं चाललं आहे. दर वर्षी यायचं म्हणते आणि दर वर्षी काहीतरी निघतं. हल्ली खरंच अडचण आहे: पासपोर्टवरच्या शिक्क्याची मुदत संपली आहे, देशाबाहेर पडलं तर परत शिरायला नवा शिक्का घ्यावा लागेल, आणि तो मिळेलच याची खात्री नाही. बहीण हे सगळं समजून घेते. सेवानिवृत्त झाल्यापासून तिने मुलीच्या खोलीला नवा रंग दिला, पंखा बदलला. "येईल," म्हणते. "उशिरा का होईना."

तो होकार माझा होता, घडवून आणलेला, खोटा, असं मी स्वतःला रोज सांगतो. मी जागा होतो. पाच मिनिटं बसलो होतो. दोरीवरचे कपडे मांडवीच्या वाऱ्याने लवकर वाळले असतील. कारण तसं नसेल, आणि तो शब्द माझा नसून खिडकीचाच असेल, तर ती मुलगी परत येणार आहे. आणि जी स्वतःच्या पायांनी यायचं नाही असं ठरवून गेली आहे, ती कशी येणार, याचा विचार माझ्याच्याने पुरा होत नाही. आमच्या आळीजवळच्या त्या मुलाचं घर मी टाळतो. हल्ली लांबच्या रस्त्याने जातो.

परवा बहिणीचा फोन आला. रडत होती. यंदाही नाही येत म्हणाली, दादा, दोन वर्षं तरी नाही जमणार म्हणे. मी तिची समजूत काढली, शिक्क्याचं पुन्हा समजावून सांगितलं, धीर धर म्हणालो. फोन ठेवला आणि तसाच आरामखुर्चीत टेकलो. बऱ्याच दिवसांनी मला गाढ झोप लागली.